गच्चीवरची दोरी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अतिदक्षता विभागाचं दार अर्धं उघडून सिस्टर साबेरा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अभिमन्यू रुपनवर. नातेवाईक कोण?" बाकाच्या दोन टोकांवरून दोन बायका एकदमच उठल्या.

सिस्टरनी दोघींकडे पाहिलं.

"एकीनंच या. सही लागणार आहे."

डाव्या टोकाची रेश्मा, अभिमन्यूची बायको, पुढे झाली. उजव्या टोकाला उठलेल्या सोजरबाई, त्याची आई, तशाच क्षणभर उभ्या राहिल्या आणि परत बसल्या. दोघींच्या मधे मैंदर्गीच्या गौरम्मा पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा नवरा आत सात नंबरला होता. कालपासून त्यांनी दोन्ही बाजूंना गप्पा मारल्या होत्या. या दोघी एकाच माणसासाठी बसल्यात हे त्यांना आत्ता कळलं.

"यव्वा, एकाच घरच्या काय तुम्ही?" त्या सोजरबाईंना म्हणाल्या. "मी आपली दोघींना बी वेगवेगळं विचारायलीय, तुमचा पेशंट कसा हाय म्हणून."

सोजरबाईंनी कनवटीची डबी काढली, चिमूटभर मिश्री तळहातावर घेतली आणि आत, जिथे सून गेली होती त्या दाराकडे पाहत बोट हिरड्यांवरून फिरवू लागल्या.

आत रेश्मानं दाखवलेल्या जागी सही केली. रक्तातला कुठलासा घटक चढवायचा होता. तीन नंबरच्या खाटेवर अभिमन्यू डोळे अर्धे मिटून पडला होता. पापण्यांच्या फटीतून दिसणारा भाग हळकुंडासारखा पिवळा होता. ओठांच्या कोपऱ्यात तपकिरी काहीतरी वाळून चिकटलं होतं. तिनं रुमाल काढला, पण वाकल्याबरोबर त्याच्या तोंडाचा वास आला. गोडसर, शिळा, झाकण लावून विसरलेल्या डब्यासारखा. तिचा हात मधेच थांबला.

"कालपासून आहे तो वास," सिस्टर म्हणाल्या. "लिव्हरचा असतो. पुसा तुम्ही, काही होत नाही."

रेश्मानं लांबूनच, दोन बोटांनी, त्याच्या ओठांना रुमाल लावला. त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, ओळखलं नाही, आणि म्हणाला, "वर सांग."

"काय सांगू?"

त्यानं पुन्हा डोळे मिटले.

बाहेर आल्यावर ती कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. बेसिनच्या कडेला कुणाच्या तरी पिचकारीचे ओघळ होते. तिनं नळ कोपरानं उघडला आणि पर्समधला साबणाचा कागद काढून हात दोनदा धुतले. बालवाडीत रोज सकाळी तीस मुलांची नखं तपासायची तिला सवय होती. घरातही तिची नजर आधी हातांवर जायची.

हातांवरूनच सगळं झालं होतं. दीड वर्षापूर्वी, बार्शीहून तिचे आईवडील आले होते त्या दिवशी, सोजरबाई चुलीपाशी बसाव्यात तशा गॅसच्या शेगडीपुढे बसून भाकरी करत होत्या. मिश्रीचं बोट तोंडातून निघालं आणि त्याच हातानं तव्यातल्या भाकरीला पाणी लागलं. रेश्मा बोलून गेली, "मला किळस येते तुमच्या हातचं खायला." पाहुण्यांदेखत बोलली. सोजरबाईंनी ती भाकरी उलटली, शेकली, टोपलीत ठेवली आणि उठल्या. दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या खोलीत त्यांची वेगळी शेगडी आली. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. अभिमन्यू सकाळी वर जेवायचा, संध्याकाळी खाली. निरोप त्याच्याकरवी जायचे. "वर सांग, गॅसवाला आलाय." "खाली सांग, पाणी भरून घ्या म्हनावं." त्याला ताप आला आणि लेकीला लागण नको म्हणून रेश्मानं पहिल्याच दिवशी तिला बार्शीला आईकडे पाठवून दिलं. त्यानंतर आठ दिवस त्या घरात वरचं खाली सांगायला कुणी नव्हतं.

सात वाजता डॉक्टर बिराजदार आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, केस घट्ट बांधलेले, हातात फाइल. त्या बाकाजवळच्या खुर्चीवर बसल्या. उभ्या राहून बोलल्या नाहीत, हे रेश्माच्या लक्षात आलं.

"फ्लूचा अहवाल आलाय. फ्लूच आहे. छातीचं फार काही नाही. खोकला आहे, तो जाईल. प्रश्न लिव्हरचा आहे."

"पण फ्लूमुळंच ना ते?" रेश्मानं विचारलं. हा प्रश्न तिनं कालपासून तयार ठेवला होता.

"फ्लूमध्ये लिव्हरचे आकडे थोडे वाढतात. दुप्पट, तिप्पट होतात, आणि आपोआप उतरतात. यांचा एसजीपीटी पाच हजारांच्या वर आहे. चाळीसच्या आसपास हवा. रक्त गोठण्याचा जो आकडा असतो, तो एक हवा, आज सकाळी दोन पूर्णांक नऊ आहे. काल दोन होता." त्यांनी फाइल उघडली. "पुण्याला यकृत बदलण्याची सोय आहे तिथे मी बोलतेय. न्यावं लागेल असं धरून चाला. ते मला एकच विचारतायत, हे झालं कशानं? आणि माझ्याकडे जे लिहिलंय त्यातून ते नीट बसत नाही."

"काय लिहिलंय?"

"दारू, नियमित. तापाच्या गोळ्या, दिवसाला दोन ते तीन. सांगणारे भाऊ आणि पत्नी."

काल संध्याकाळी तातडीच्या विभागात एक शिकाऊ डॉक्टर भराभर विचारत होता आणि भोवती दहा माणसं उभी होती. दिग्विजय, अभिमन्यूचा धाकटा भाऊ, नातेपुत्याहून मोटारसायकलनं तसाच आला होता. दारूचं विचारल्यावर तो म्हणाला होता, "घेतो की. जॉबर मानूस, रात्रपाळ्या. कोन घेत न्हाय?" टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर पितात, म्हणून अभिमन्यूही पीत असणार, एवढाच त्याचा पुरावा होता. रेश्मा शेजारी उभी होती. अभिमन्यूनं सहा वर्षांपूर्वी अक्कलकोटला स्वामींपुढे नारळ ठेवून दारू सोडली होती, आणि त्यानंतर रोज तो दारात आला की ती न कळत श्वास आत ओढून घ्यायची. सहा वर्षांत एकदाही तो वास आला नव्हता. दिराचं बोलणं ऐकून तिला दिराच्याच तोंडाची शिसारी आली. पण ती काही बोलली नाही. त्याच्या पुढचा प्रश्न गोळ्यांचा होता. ती म्हणाली होती, "दोन. कधी तीन."

"रोज पिणाऱ्या माणसाला थोड्या गोळ्याही बाधू शकतात," डॉक्टर सांगत होत्या. "पुण्याचे लोक तेच धरून चाललेत. आणि रोज पिणारा असेल तर यकृत बदलायचं म्हटल्यावर त्यांची विचारायची रीत वेगळी. किती वर्षं पितो, सोडणार का, आधी अमका डॉक्टर बघेल, मग तमका. तेवढे दिवस यांच्याकडे नाहीत. म्हणून पुन्हा विचारते. दारू खरंच होती का?"

रेश्मानं पर्सची चेन ओढली, पुन्हा लावली.

"तुमचे दीर खोटं कशाला सांगतील?" डॉक्टर म्हणाल्या.

"दारू न्हाय."

आवाज उजव्या टोकाकडून आला होता. सोजरबाईंनी पदरानं ओठ पुसले. बोटाला मिश्री लागली होती, ते बोट त्यांनी लुगड्याच्या निरीत खुपसलं.

"दारू न्हाय, बाई. स्वामीम्होरं सोडलीय त्यानं. दिग्या खुळा हाय. त्येला काय म्हाईत, त्यो राहतो नातेपुत्याला. गोळ्या म्या दिल्यात."

"कुठल्या गोळ्या?"

"तापाच्या. मेडिकलातनं आनल्या. गोळी न्हाय गिळता येत त्येला. ल्हान हुता तवापास्नं आसंच, घशात आडकती, वकतो. मग मी बारीक करती वरवंट्यानं आन काड्यात घालती. गूळ जरा जास्त टाकला का कळत न्हाय."

"दिवसाला किती?"

"काडा तीन टाइम. एक एक गोळी. रातच्याला दोन, ताप चढतोय म्हनून." त्या थांबल्या. "त्येला सांगिटलं न्हाय. सांगिटलं आसतं तर प्याला नसता."

डॉक्टर लिहीत होत्या. गौरम्मांनी पाय खाली सोडले.

"म्हणजे चार. आणि ह्यांनी दिलेल्या दोन-तीन वेगळ्या," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला एकमेकींचं माहीत नव्हतं?"

सोजरबाईंनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. गौरम्मांनी दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अय्यो देवरे," त्या हळूच म्हणाल्या. "एकाच तोंडात दोन घरचं."

"काढ्यात गोळी पूर्ण विरघळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तळाला राहिली असेल तर तेवढी कमी पोटात गेली. पेला बघितला होता का कुणी, पिऊन झाल्यावर?"

"ऱ्हात आसंल," सोजरबाई म्हणाल्या. "पेला खालीच ऱ्हायचा. घासून पायरीवर यायचा. मला कुटं दिसतोय."

रेश्मानं तो पेला पाहिला होता. ती शाळेत गेली की सोजरबाई खाली येऊन लेकाला काढा द्यायच्या. ती परतली की स्टीलचा पेला त्याच्या उशाशी असायचा, आणि संध्याकाळचा जिन्याच्या पायरीवर. तळाला प्रत्येक वेळी पांढरट, चिकट गाळ. अंगारा असेल, चुना असेल, त्या बोटांचं काहीतरी असेल. ती पेला कडेला दोन बोटांनी धरून, तोंड फिरवून, नळाखाली धरायची आणि गाळ जाईपर्यंत बघायची नाही. आठ दिवसांत निदान पंधरा वेळा तिनं तो गाळ धुतला होता. आत्ता तिची दोन बोटं एकमेकांवर घासली जात होती. तिनं ती मुठीत घेतली.

"हे तापाचं औषध प्रमाणाबाहेर गेलं की लिव्हरच जातं. आत्तापर्यंत एकूण किती गोळ्या पोटात गेल्या, हे मला कळायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्या दिवसांनी रक्तात ते औषध सापडेलच असं नाही. उतारा म्हणून जे औषध देतात ते मी कालच सुरू केलंय. पण पुण्याला आकडा सांगता आला तर दारूचा विषय मागं पडेल. रिकामी पाकिटं असतील तर बरं. टाकली असतील ना?"

"न्हाय," सोजरबाई म्हणाल्या. "दोरीवर हायेत."

"कसली दोरी?"

"गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात की. चिमण्या लई. जुनी दोरी उनानं तुटली, तवा त्येला ताप यायच्या आदल्याच आयतवारी नवी बांदली. चकाकनारी पानं लावली का चिमनी येत न्हाय. रिकामं झालं का मी लावती. कचऱ्यात सापडलं तरी काडून लावती. घंटागाडीला कचरा मीच देती."

रेश्मानं पहिल्यांदा सासूकडे पाहिलं. तिच्या केराच्या डब्यात रोज हात घातला जात होता. नासलेलं दूध, केसांचा गुंता, थुंकीचे कागद यातून बोटं फिरत होती. मग तिला दुसरी गोष्ट कळली आणि ती उठून उभी राहिली.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. "घरी कोण आहे?"

घरी दिग्विजय होता. पहाटे कपडे आणायला गेला होता. डॉक्टरांनी सांगितल्यावर रेश्मानंच व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी दिराचं नाक आलं, मग जिना, मग उजेड. शनिवारी सकाळी याच गच्चीवर, अभिमन्यूचे डोळे पहिल्यांदा पिवळे दिसले तेव्हा, सोजरबाईंनी त्याला परातीपुढे बसवलं होतं. कसल्याशा सालीच्या पाण्यात त्याचे हात बुडवून वर चुना चोळला होता आणि पाणी पिवळंधमक झालं होतं. "निगाली बग कावीळ," असं त्या हवेला म्हणाल्या होत्या. त्यात शनिवार गेला आणि रविवारची दुपार गेली. परात अजून कठड्यापाशी पडली होती. तळाला पिवळी साय वाळून तडकली होती आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या.

"ही काय घाण करून ठिवलीय वहिनी हितं," दिग्विजय म्हणाला.

"ते राहू दे. दोरी दाखव."

दोन बांबूंच्या मधे सुतळी ताणलेली होती. खाली जुन्या साडीवर कुरडयांच्या ओळी. सुतळीवर गोळ्यांची रिकामी पाकिटं दोऱ्यानं बांधलेली. वारा नव्हता तरी ती गरगर फिरत होती आणि पडद्यावर मधूनच पांढरा झोत येत होता. डॉक्टरांनी फोन स्वतःकडे घेतला.

"एकेक हातात धरा. मागचं नाव वाचा."

"कशाला पन? दादानं दारूच..."

"वाचा."

दिग्विजयनं एक निळं पाकीट धरलं आणि अडखळत नाव वाचलं.

"तेच औषध," डॉक्टर म्हणाल्या. "साडेसहाशे मिलिग्रॅमचं. निळी किती आहेत?"

"दोन."

"माजी हायेत ती," सोजरबाई म्हणाल्या. "तिसरं निम्मं हाय खोलीत, देवाम्होरं."

"हिरवी?"

दिग्विजयनं हिरवं पाकीट धरलं. नाव वेगळं होतं.

"हेपण तेच. साडेसहाशे. किती आहेत?"

"एक, दोन... तीन. तिन्ही मोकळी."

"दहाची?"

"दहाची."

डॉक्टरांनी लिहिलेला कागद पुन्हा पाहिला. दोन. कधी तीन. सहा दिवस. मग त्यांनी पेन बंद केलं आणि मान वर केली, पण विचारलं नाही. निळी आपली असतील तर हिरवी कुणाची, हे त्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. गौरम्मांनाही.

"पाच," रेश्मा म्हणाली. मग डॉक्टरांच्या कागदाकडे पाहत म्हटलं, "चार तरी रोज. बहुतेक दिवस पाच. ताप उतरत नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या तापाची चिठ्ठी होती घरात, त्यावरूनच आणल्या. दर चार तासांनी घ्यायचा तो. सांगितलं की घ्यायचा."

"गिळायचा?" सोजरबाईंनी विचारलं. त्यांनी डॉक्टरांकडे पाहत विचारलं होतं.

"पाण्याबरोबर," रेश्मा डॉक्टरांना म्हणाली. "लग्नापासून गिळतो."

सोजरबाईंनी डबी कनवटीतून काढली, उघडली नाही, परत ठेवली.

"डागतर," फोनमधून दिग्विजय ओरडला. "आजून हायेत. केशरी. दोन."

"वाचा."

त्यानं वाचलं. सर्दीवरची गोळी होती. नावात तापाचं काही नव्हतं.

"मागं बारीक अक्षरात काय आहे ते वाचा. पहिलंच."

दिग्विजयनं पाकीट डोळ्यांजवळ नेलं. पडद्यावर त्याचं अंगठ्याचं नख आलं, नखात माती होती. त्यानं एकेक अक्षर लावत वाचलं.

"तेच," डॉक्टर म्हणाल्या. "पाचशेचं." मग फोन खाली ठेवून त्यांनी दोघींकडे पाहिलं. "ही केशरी कुणी दिली?"

"म्या न्हाय," सोजरबाई म्हणाल्या.

"मी नाही," रेश्मा म्हणाली.

"मग दोरीवर कशी आली?"

"त्येच्या खाकी पँटच्या खिशात हुती," सोजरबाई म्हणाल्या. "धुन्याच्या ढिगात पँट हुती वर, वाळत घालायच्या दोरीपाशी. एक मंगळवारी मोकळी घावली, एक बुदवारी. पयले तीन दिस कामावं गेला न्हवं का ताप आंगात घिऊन. म्या म्हनलं आसंल डागतरची."

ज्याला विचारायचं तो आत तीन नंबरला होता आणि त्याला बायको ओळखू येत नव्हती.

डॉक्टरांनी कागदावर बेरीज केली. तीस, पंचवीस, वीस. वीसच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं. "दारू" हा शब्द त्यांनी आडवी रेघ मारून खोडला, बाजूला तारीख, वेळ आणि सही केली. खाली लिहिलं, सांगणार आई आणि पत्नी. मग उठता उठता म्हणाल्या, "तुम्ही दोघींनी वेगवेगळं जे दिलंत ना, ते एकेकटं पाहिलं तर कुणीही दिलं असतं. मी त्याबद्दल काही म्हणत नाही." त्या आत गेल्या.

गौरम्मांनी पिशवीतून कडक भाकरीचा तुकडा काढला, शेंगाचटणी काढली, आणि आधी सोजरबाईंपुढे धरली, मग रेश्मापुढे. दोघींनी नको म्हटलं.

"न्हाय तर न्हाय. पन एक सांगू का," गौरम्मा तुकडा चावत म्हणाल्या. "आमच्यात सासूसुना रोज भांडत्यात. गल्ली जमा होती. पन कोन काय घातलं आन कोन काय शिजवलं, समद्या गावाला कळतंय बघा."

रेश्मा बेसिनपाशी गेली. पर्समध्ये साबणाचा कागद शोधला, शेवटचा होता. तो तिनं हातात धरला. बेसिनमधल्या ओघळांकडे पाहत ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग नळ न उघडता परत आली. घामानं ओल्या तळहातात कागदाचा बुळबुळीत लगदा झाला होता.

पावणेअकराला पुन्हा रक्त घेतलं. सव्वाअकराला पुण्याहून होकार आला. आणा, पण खाट मिळेल एवढंच, पुढचं तपासून ठरवू. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी रुग्णवाहिका निघाली. मागे एकच नातेवाईक बसेल असं चालकानं सांगितलं. मग आईचं वय पाहिलं, बायकोचा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "बसा दोघी. पण समोरासमोर बसा, मधे पेशंटला हात लागू देऊ नका."

त्या समोरासमोर बसल्या. मधे अभिमन्यू होता. बंद गाडीत तो गोडसर वास पुन्हा भरला. रेश्मानं पदर नाकापर्यंत नेला. समोर सोजरबाईंनी वाकून लेकाच्या ओठांच्या कोपऱ्यातलं वाळलेलं तपकिरी बोटानं खरवडून काढलं आणि बोट लुगड्याला पुसलं. तेच बोट होतं. रेश्मा बघत राहिली. तिनं पदर नाकावरून काढला नाही, पण नजरही वळवली नाही.

मोहोळ गेल्यावर दिग्विजयचा फोन आला. पुण्याच्या डॉक्टरांना पाकिटं प्रत्यक्ष बघायची होती. तो ती घेऊन मागून गाडीनं निघणार होता. कारखान्यातही त्यानं फोन केला होता. केशरी गोळ्या कुणी दिल्या, किती दिल्या, टाइमकीपरला माहीत नव्हतं. पहिली पाळी तीनला सुटली की मागावरच्या कामगारांना विचारून सांगतो म्हणाला.

"वहिनी, दोरी काढली मी," तो पुढे म्हणाला. सकाळच्या त्या व्हिडिओ कॉलनंतर दारूचं नाव त्यानं काढलं नव्हतं. "काढल्या काढल्या चिमण्या आल्यात. लई. समद्या कुरडयांवं बसल्यात. हाकलत बसू का निगू?"

रेश्मानं फोन कानापासून थोडा दूर केला. तिला समोर बघावं लागलं. निरोप न्यायला मधे कुणी नव्हतं. मधे होता तो झोपला होता, किंवा झोपेसारखं काहीतरी होतं.

"दोरी काढली," ती म्हणाली. "कुरडयांवर चिमण्या बसल्यात. विचारतोय, काय करू?"

सोजरबाईंनी लेकाच्या अंगावरची चादर ओढून सारखी केली.

"खाऊ दे म्हनावं," त्या म्हणाल्या. "त्येला म्हनावं, तू नीग."

एक वाजून पंधरा मिनिटांनी टेंभुर्णी ओलांडताना डॉक्टर बिराजदारांचा निरोप रेश्माच्या फोनवर आला. पावणेअकराच्या नमुन्याचा आकडा होता. सकाळी दोन पूर्णांक नऊ होता, आता तीन पूर्णांक सहा. पुण्याला पोचल्यावर लगेच पुन्हा तपासा, एवढंच पुढे लिहिलं होतं.

"काय म्हनत्यात?" सोजरबाईंनी विचारलं.

रेश्मानं आकडा वाचून दाखवला. तो वाढायला हवा की कमी व्हायला हवा, हे सोजरबाईंनी विचारलं नाही. पुणं अजून एकशे साठ किलोमीटर होतं.